२^३१ − १ ही मूळ संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२,१४,७४,८३,६४७. प्रोग्रामिंग करणाऱ्या बहुतेकांना ही संख्या तोंडपाठ असते, पण ती मूळ आहे आणि तिच्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे हे त्यांच्यातल्याही अनेकांना माहीत नसतं. दहावीपर्यंतचं गणित आठवत असेल तर पुढची उत्तरं समजायला अडचण येऊ नये. ‘^’ ही खूण घातासाठी वापरली आहे, म्हणजे २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात. संख्येचा उल्लेख पुन्हा पुन्हा येणार असल्यामुळे तिला पुढे ‘म’ म्हटलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘म’मध्ये जे काही विशेष आहे, ते जवळजवळ सगळं तिच्या दोन शेजारी संख्यांमुळे आहे, म − १ आणि म + १ यांच्यामुळे.

ही संख्या वाचायची कशी?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. अब्ज वापरायचा नसेल तर दोनशे चौदा कोटी म्हणा. द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत मात्र ती लिहायला फार सोपी आहे: ओळीने ३१ वेळा १.

दहाच तर अंक आहेत. हिला मोठी मूळ संख्या का म्हणायचं?

आजच्या हिशेबाने ती अगदीच लहान आहे. सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ ही आहे. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्यापुढे दहा अंकांचं काय कौतुक?

पण १७७२ साली गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी ‘म’ मूळ असल्याचं सिद्ध केलं तेव्हा तिच्याएवढी मोठी मूळ संख्या जगात कोणालाच ठाऊक नव्हती, आणि हा विक्रम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होते, वय पासष्टच्या आसपास. आदल्याच वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडल्यामुळे त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. बर्नूली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा निष्कर्ष कळवला.

शिवाय दहा अंक म्हणजे हाताने गणित करणाऱ्यासाठी थोडेथोडके नाहीत. पुढचं उत्तर वाचलंत की ते कळेल.

ती मूळ आहे हे कशावरून ठरवलं?

सरळ मार्ग शाळेत शिकवतात तोच: वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. ४६३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० येतो आणि ४६३४१ चा वर्ग ‘म’च्या पुढे जातो, म्हणून ४६३४० पर्यंत तपासलं की पुरे. पण तेवढ्यात ४,७९२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला तितके भागाकार, तेही बोरूने आणि एकही चूक न करता.

ऑयलरनी भागाकारांची संख्याच कमी केली. त्यांची युक्ती दोन पायऱ्यांची आहे.

समजा भ ही मूळ संख्या ‘म’ला भागते. मग २^३१ ला भ ने भागलं की बाकी १ उरते. ३१ ही स्वतः मूळ असल्यामुळे यापेक्षा लहान घाताला (शून्य सोडून) बाकी १ येऊच शकत नाही. दुसरीकडे सतराव्या शतकातले फ्रेंच गणितज्ञ फेर्मा यांचा प्रमेय सांगतो की २^(भ − १) ची बाकीही १ च येते. म्हणजे भ − १ ला ३१ ने निःशेष भाग गेला पाहिजे. भ विषम असल्याने भ − १ सम आहे, तेव्हा ६२ नेही भाग जातो. थोडक्यात, भ ही ६२क + १ याच रूपाची असणार (क ही कोणतीही पूर्ण संख्या).

दुसरी पायरी अधिक देखणी आहे. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा तर २^१६ चा वर्ग आहे! म्हणजे भ ने भागताना २ ही संख्या कुठल्यातरी वर्गाची बाकी म्हणून येते. असं फक्त ज्या मूळ संख्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात त्यांच्याच बाबतीत घडतं. दोन्ही अटी एकत्र केल्या की भ ला दोनच रूपं शिल्लक राहतात: २४८क + १ आणि २४८क + ६३.

४६३४० पर्यंत या दोन रूपांच्या संख्या, ६३ सोडून, ३७२ भरतात. त्यातही मूळ असतील तेवढ्याच तपासायच्या. यादी सुरू होते २४९ पासून, पण तिला ३ ने भाग जातो. मग ३११, ती मूळ आहे: भागून बघा, ३५ उरतात. त्यानंतर ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ या सगळ्या संयुक्त आहेत, त्यामुळे थेट १३०३ वर उडी. तिथे बाकी २२६. असं करत शेवटपर्यंत गेलं आणि कुठेच बाकी शून्य आली नाही, की ‘म’ मूळ.

हे सगळं मोबाइलवर एका क्षणात होतं हे मान्य. पण ४,७९२ वरून काही डझन भागाकारांवर येण्यात जे डोकं लागलं, ते मोबाइलचं नाही.

अशा संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. हे नाव कुठून आलं?

मॅरां मेर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच पाद्री. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. १६४४ मध्ये त्यांनी असा दावा केला की घातांक २५७ पर्यंत असताना २^प − १ ही संख्या प = २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ याच वेळी मूळ असते. यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ हे तीन राहून गेले. तरीही या रूपाच्या संख्यांना नाव त्यांचंच मिळालं.

३१ बाबत मेर्सेन बरोबर होते, पण पुरावा त्यांनी दिला नव्हता. त्यांच्याआधी इटलीतल्या पिएत्रो कताल्दी यांनी १७ आणि १९ या घातांकांची संख्या खरोखर तपासून दाखवली होती. पुढे जाऊन त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या चारही घातांकांची संख्या मूळ आहे असा दावा केला. २३ आणि ३७ फेर्मांनी खोडून काढली (पहिलीला ४७ ने भाग जातो, दुसरीला २२३ ने), २९ ऑयलरनी (२३३ ने भाग जातो). उरली ती ३१. चारांतलं एक बरोबर येणं याला सिद्धता म्हणत नाहीत, म्हणून श्रेय ऑयलरना जातं आणि ते योग्यच आहे.

लहानाकडून मोजत गेलं तर ‘म’ ही आठवी मेर्सेन मूळ संख्या. पहिल्या सात अशा: ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७.

घातांक मूळ असला की संख्या मूळ असतेच ना?

नाही. उलट बाजू खरी आहे: घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच असते. घातांक मूळ असणं ही नुसती सुरुवात. पहिला धक्का ११ ला बसतो: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ऑयलरच्या रूपात बसवून बघा, २३ म्हणजे २२ × १ + १ आणि ८९ म्हणजे २२ × ४ + १. विभाजक कुठे शोधायचा हे आधीच कळतं, आणि इथे तो पहिल्याच घावात सापडतो.

फेर्माच्या प्रमेयानेच का तपासू नये? २^(म − १) ची बाकी काढायची आणि १ आली की झालं.

हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतात. मेर्सेन संख्यांच्या बाबतीत पाया २ घेऊन केलेली ही चाचणी काहीच सांगत नाही, कारण घातांक मूळ असला की ती नेहमीच उत्तीर्ण होते. २०४७ चं उदाहरण घ्या. २०४६ ला ११ ने भाग जातो, २^११ ची बाकी १ आहे, तेव्हा २^२०४६ ची बाकीही १. तरी २०४७ संयुक्त आहेच. पाया ३ घेतला तर चाचणीला थोडा अर्थ येतो, पण तिथेही ‘मूळ नाही’ एवढंच खात्रीने म्हणता येतं, ‘मूळ आहे’ असं नाही.

मग भागाकार न करता खात्रीची चाचणी आहे का?

आहे, आणि ती इतकी सुटसुटीत आहे की आजचे सगळे विक्रम तिच्यावर उभे आहेत. तिला ल्यूका-लेमर चाचणी म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ ल्यूका यांनी १८७० च्या दशकात तिचा पाया घातला, अमेरिकन लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचं रूप दिलं.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मेर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. असं प − २ वेळा केल्यावर शून्य आलं तरच संख्या मूळ.

१२७ (म्हणजे प = ७) साठी करून बघू: ४, १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, मग १११, आणि १११ च्या वर्गातून २ वजा केले की १२,३१९, म्हणजे १२७ × ९७. शून्य. पाच पायऱ्यांत निकाल. ‘म’साठी २९ पायऱ्या लागतात. वहीत करायला कंटाळवाणं आहे, पण अशक्य नाही.

शेवटून दुसऱ्या पायरीची गंमत आधीच सांगता येते. तिथे आलेल्या संख्येच्या वर्गातून २ गेले की शून्य राहतं, म्हणजे तिचा वर्ग २ शी जुळतो. आपल्याला २ चं वर्गमूळ ठाऊक आहे, २^१६. म्हणून ‘म’च्या बाबतीत २८ व्या पायरीवर ६५५३६ किंवा −६५५३६ यांपैकीच एक यावं लागतं. दुसरं काही आलं तर गुणाकारात चूक आहे असं समजा.

ही चाचणी का चालते? म + १ = २^३१, म्हणून. म + १ चे सगळे अवयव २ च असल्याने वर्ग करत करत शेवटपर्यंत जाता येतं. कुठल्याही आडव्यातिडव्या मूळ संख्येला ही सोय नसते. तशा संख्यांसाठी सामान्य पद्धत हवी असते, आणि ‘मूळ आहे की नाही’ हे नेहमीच वाजवी वेळात ठरवता येतं हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिलं. मेर्सेन संख्यांसाठी मात्र अजूनही ल्यूका-लेमरच सरस.

म − १ बद्दल काय सांगाल?

म − १ = २ × (२^३० − १), आणि २^३० − १ चे तुकडे फार लहान पडतात:

२,१४,७४,८३,६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

दहा अंकी संख्येचा सर्वांत मोठा मूळ अवयव अवघा ३३१! ३० ला भरपूर विभाजक आहेत म्हणून असं होतं. या अवयवांमुळे ‘म’ने भागताना कुठल्या संख्येचे घात किती लांब चालून पुन्हा १ वर येतात हे नेमकं सांगता येतं. २ चे घात ३१ पायऱ्यांतच परत येतात. ७ चे घात मात्र १ पासून म − १ पर्यंतच्या झाडून सगळ्या संख्यांना भेटतात आणि मगच परत येतात. अशा संख्येला आदिमूळ म्हणू. ‘म’साठी सर्वांत लहान आदिमूळ ७ आहे, आणि एकूण आदिमुळं ५३,४६,००,०००, म्हणजे साधारण दर चार संख्यांमागे एक.

लहान नमुना हवा असेल तर ७ ने भागताना ३ चे घात बघा: ३, २, ६, ४, ५, १. सगळे हजर.

याचा व्यवहारात काही उपयोग?

आहे: ‘कुठलीही एक संख्या दे’ म्हटल्यावर संगणक ज्या देतो त्या, म्हणजे यादृच्छिक संख्या. १९६९ मध्ये आयबीएमच्या संगणकांसाठी एक कृती सुचवली गेली: आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा आणि ‘म’ने भागून बाकी घ्या. १६८०७ म्हणजे ७^५. म − १ च्या अवयवांत ५ नाही, म्हणून ७^५ सुद्धा आदिमूळच ठरतं. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८ अशी मालिका येते आणि २१४ कोटींहून अधिक पायऱ्या झाल्याशिवाय ती पुन्हा १ वर येत नाही. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ‘किमान एवढी तरी पातळी असू द्या’ म्हणून हीच कृती सुचवली. सी++ या भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयात ती आजही आहे.

‘म’ऐवजी सरळ २^३१ ने का भागलं नाही? तसं एका जुन्या आणि बदनाम कृतीत केलं होतं, रँडू नावाच्या. गुणक ६५५३९, भाजक २^३१. तिच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर ते सगळे फक्त १५ सपाट प्रतलांवर बसतात. यादृच्छिकतेच्या नावाखाली असा नमुना चालणं म्हणजे थट्टाच, आणि तिच्यावर विसंबून त्या काळात कितीतरी वैज्ञानिक गणितं केली गेली.

इशारा: १६८०७ वाली कृतीही पासवर्ड किंवा ओटीपी बनवायला वापरू नये. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

‘म’ने भागणं संगणकाला सोपं जातं असं ऐकलं. खरं का?

खरं. नवाचा ताळा आठवतो ना? १० ला ९ ने भागलं की १ उरतो, म्हणून अंकांची बेरीज केली की नवाची बाकी मिळते. तसंच २^३१ ला ‘म’ने भागलं की १ उरतो. म्हणून द्विमान पद्धतीतली लांबलचक संख्या ३१-३१ अंकांच्या गटांत तोडायची आणि गटांची बेरीज करायची. भागाकार मुळी करावाच लागत नाही. सगळ्याच मेर्सेन संख्यांना हा गुण आहे, आणि ल्यूका-लेमर चाचणी वेगाने होते त्याचं दुसरं कारण हेच.

वर्गमूळ काढण्याचं काही विशेष आहे का?

हा मला या संख्येचा सर्वांत आवडता गुण. ‘म’ने भागून बाक्यांच्या दुनियेत एखाद्या संख्येचं वर्गमूळ हवं असेल (आणि ते अस्तित्वात असेल), तर त्या संख्येचा वर्ग करा, त्याचा वर्ग करा, असं २९ वेळा करा. जे येईल तेच वर्गमूळ. वर्ग करून वर्गमूळ! कारण इथेही तेच: (म + १) ÷ ४ = २^२९.

३१ वर पडताळून बघा. तिथे तीनदा वर्ग करावे लागतात. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, आणि २५६ ला ३१ ने भागलं की ८ उरतात. ८ चा वर्ग ६४, त्याची बाकी २. बरोबर.

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येते का?

नाही. ४ ने भागल्यावर तिला ३ उरतात, आणि अशी कोणतीही संख्या दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज नसते. ८ ने भागल्यावर ७ उरतात, म्हणून तीन वर्गही पुरत नाहीत. चार लागतातच.

परिपूर्ण संख्यांशी तिचा संबंध कसा?

स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढी भरते ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३. युक्लिडने दाखवलं की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प − १) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. ‘म’पासून मिळणारी आठवी परिपूर्ण संख्या ही:

२३०५८४३००८१३९९५२१२८

पडताळणी एका ओळीची आहे. तिचे विभाजक दोन गटांत पडतात. १, २, ४ पासून २^३० पर्यंत, यांची बेरीज ‘म’. दुसरा गट ‘म’च्या १, २, ४ … २^२९ या पटींचा, यांची बेरीज म × (२^३० − १). दोन्ही मिळून म × २^३०. झालं.

१८११ मध्ये इंग्लिश गणिती पीटर बार्लो यांनी लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या असून त्यांचा उपयोग काही नाही, त्यामुळे कोणी पुढे शोधायला जाणारच नाही. माणसं बिनउपयोगी गोष्टींच्या मागे किती हौसेने लागतात याचा त्यांना अंदाज नव्हता. १८७६ मध्ये ल्यूकांनी २^१२७ − १ मूळ असल्याचं हाताने गणित करून दाखवलं. ती ३९ अंकी आहे.

संगणकात हीच संख्या सगळीकडे का दिसते? ती मूळ आहे म्हणून?

नाही, हा निव्वळ योगायोग. ३२ बिटांच्या (बिट म्हणजे द्विमान पद्धतीतला एक अंक) जागेत एक बिट चिन्हासाठी गेला की ३१ उरतात. ते सगळे १ केले की ‘म’. म्हणून ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा धन पूर्णांक हा. ३१ हा घातांक मेर्सेनच्या यादीत आहे म्हणून तो मूळही निघाला, एवढंच.

इतर मापांची गत बघितली की योगायोग स्पष्ट होतो. ८ बिटांत १२७, मूळ. १६ बिटांत ३२७६७ = ७ × ३१ × १५१, संयुक्त. ६४ बिटांत २^६३ − १, तिला ७ ने दोनदा भाग जातो. आणि १२८ बिटांत पुन्हा मूळ: ल्यूकांची तीच २^१२७ − १.

डिसेंबर २०१४ मध्ये साय या कोरियन गायकाच्या एका व्हिडिओची प्रेक्षकसंख्या या मर्यादेजवळ पोहोचली आणि यूट्यूबने आकडा ६४ बिटांत मोजायला घेतल्याचं जाहीर केलं.

२०३८ मध्ये काय होणार आहे?

अनेक संगणक प्रणाल्या वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, भारतीय वेळेनुसार त्या दिवशी पहाटे साडेपाचपासून. हा आकडा ३२ बिटांत ठेवलेला असेल तर मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो ‘म’वर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा बिट पालटून संख्या ऋण होईल आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. नव्या प्रणाल्या ६४ बिटांवर गेल्या आहेत, त्यामुळे तुमच्या फोनची चिंता नको. भिंतीत बसवून विसरलेली जुनी यंत्रं हा खरा प्रश्न आहे.

‘म’ ही जोडमूळ संख्या आहे का? उलटी वाचली तर? कितवी मूळ संख्या?

जोडमूळ नाही, म्हणजे दोनाच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या नाही: दोनाने कमी केलं की शेवटी ५ येतो, दोनाने वाढवलं की ३ ने भाग जातो. आधीची मूळ संख्या १८ ने मागे (२१४७४८३६२९), नंतरची १२ ने पुढे (२१४७४८३६५९). उलटी वाचली तर ७४६३८४७४१२, सम. क्रमाने मोजलं तर ती १०,५०,९७,५६५ वी मूळ संख्या.

वैदिक गणिताच्या युक्तीने ती मूळ आहे हे झटकन कळेल का?

नाही. त्या युक्त्यांनी एखादा भागाकार लवकर होईल, पण किती भागाकार करायचे हे त्या ठरवत नाहीत. अडचण नेमकी तिथेच असते.

बँकेचे व्यवहार हिच्यावर सुरक्षित असतात का?

हिच्यावर नाही, ती त्यासाठी फारच लहान आहे. तिची थोरली भावंडं मात्र कामाला लागलेली आहेत: २^५२१ − १ ही मेर्सेन मूळ संख्या डिजिटल सहीच्या एका प्रमाणित वक्रासाठी वापरतात. गेल्या काही वर्षांत ‘म’लाही पुन्हा काम मिळालंय. मोठी आकडेमोड बरोबर झाली आहे याचा छोटा पुरावा देण्याच्या नव्या पद्धतींत ‘म’च्या बाक्यांवर गणित करतात. तिथे वर्तुळाच्या समीकरणाला (क्ष² + य² = १) बरोबर म + १ म्हणजे २^३१ उकली मिळतात, आणि त्या निम्म्या-निम्म्या करत जाता येतात. पुन्हा तोच वरचा शेजारी.

३ आणि ७ वरून ७ आणि १२७ मिळतात. मग ‘म’ला घातांक करून २^म − १ घेतली तर तीही मूळ असेल का?

मोह होण्यासारखीच गोष्ट आहे. २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७, २^३१ − १ = म, २^१२७ − १: घातांक स्वतः मेर्सेन मूळ असलेल्या या चारही संख्या मूळ आहेत. पण नंतर ओळीने अपयश. घातांक ८१९१, १३१०७१ आणि ५२४२८७ घेतले तर तिन्ही संख्या संयुक्त निघतात.

२^म − १ मध्ये ६४ कोटींहून अधिक अंक आहेत, आणि तीही संयुक्तच. तिचा एक विभाजक १९८३ मध्ये सापडला: २९५२५७५२६६२६०३१. तो शोधताना वापरली ती ऑयलरचीच पहिली पायरी. ‘म’चे विभाजक ६२क + १ या रूपाचे असायला हवे होते, तसे २^म − १ चे विभाजक २ × म × क + १ या रूपाचे असतात, आणि हा सापडला क = ६८७४५ ला.